स्पेलिंग येते, पण पाणी मागता येत नाही

तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील बालरोग विभागाच्या ओपीडीत येतात. मूल फारसे बोलत नाही, ही तक्रार. पण लगेच पुढचे वाक्य येते, ‘तसा हुशार आहे हो डॉक्टर. ‘एलिफंट’चे स्पेलिंगसुद्धा सांगतो.’ मोबाइल हाती दिला की मूल अक्षरे बोटाने सरकवून चौकटीत बसवते आणि पडद्यातून टाळ्या वाजतात. तहान लागली की मात्र ते आईचा हात धरून माठाकडे ओढत नेते. ‘पाणी’ हा शब्द तोंडून निघत नाही.

स्पेलिंग पाठ असणे आणि भाषा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या आसपास मूल पहिला अर्थपूर्ण शब्द बोलते, दोन वर्षांचे होईपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडते आणि तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये बोलू लागते. हे घडते ते देवाणघेवाणीतून. मूल ‘मम्’ म्हणते, आजी ‘भूक लागली का रे?’ असे विचारते आणि वाटी पुढे येते. शब्द उच्चारला की जग हलते, हे मुलाला तिथे कळते. पडदा टाळ्या वाजवतो, पण मुलाचे म्हणणे ऐकून त्याला उत्तर देत नाही.

वाचन-लेखनाचा पाया अक्षरांच्या आधी कानात घातला जातो. शब्द ध्वनींचा बनलेला असतो, हे मुलाला आधी ऐकू यावे लागते. मराठीत ही वाट त्यामानाने सरळ आहे. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. इंग्रजीत ‘सी, ए, टी’ ही नावे सलग म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ ऐकू येत नाही. ‘बट’ आणि ‘पुट’मधला एकच ‘यू’ दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. तीन वर्षांचे मूल यातले काही उलगडत नाही, ते गाण्यासारखे पाठ करते. हाताचीही तयारी झालेली नसते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. त्याआधी अक्षरे गिरवून घेण्याचा हट्ट कशासाठी?

पालकांची भीती खोटी नाही. इंग्रजीत मूल मागे पडेल, प्रवेश हुकेल, ही धास्ती खरी आहे. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही, हेही खरे. प्रश्न इंग्रजीचा नाही, क्रमाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, पाने वापरून बालशिक्षण उभे केले, ते याच जाणिवेतून.

शब्दांचे खेळ जरूर खेळावेत, पण माणसांबरोबर. ‘ब-टा-टा’ म्हणताना तीन टाळ्या वाजवाव्यात. भाजी निवडताना ‘म’ने सुरू होणारे काय काय आहे, ते शोधावे. चार-साडेचार वर्षांच्या मुलांशी शब्दांच्या भेंड्या खेळाव्यात. मुलाला स्वतःच्या नावाचे अक्षर ओळखावेसे वाटले, तर दाखवावे. परीक्षा घेऊ नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. स्पेलिंगचे अ‍ॅपही यात मोजायचे.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. पाठ केलेल्या स्पेलिंगमुळे घरच्यांचा समज होतो की सगळे ठीक आहे, आणि तपासणी लांबते. अक्षरांचे विलक्षण वेड, पण बोलण्यातून संवाद नाही, हाकेला प्रतिसाद नाही, नजरेला नजर नाही, ही स्वमग्नतेची लक्षणे असू शकतात. कधी कारण कमी ऐकू येण्याचे असते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असे म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. ही सेवा मोफत आहे.

स्पेलिंग सहाव्या वर्षीही शिकता येते. बोलणे शिकण्याची पहिली वर्षे मात्र परत येत नाहीत. म्हणून ‘किती स्पेलिंगे येतात?’ असे विचारण्याआधी घरात एवढेच पाहावे, की मूल आज काय काय बोलले आणि त्याला उत्तर कोणी दिले.