शेडमधली हवा, गोठ्यातली घरघर

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नाव देशभर झाले, ते बर्ड फ्लूमुळे. भारतातला एच५एन१चा तो पहिला उद्रेक. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तीन वर्षांनी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला.

जंतू बदलतात, त्यांना आयती वाट करून देणारी परिस्थिती तीच राहते. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरलेला तूस ओला झाला की अमोनियाने माणसाचे डोळे चुरचुरतात. तोच वायू कोंबडीच्या श्वासनलिकेचे अस्तर खराब करतो आणि जंतूंचे फावते. चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचे तरी याहून वेगळे काय होते?

गोठ्यातल्या जनावरांच्या घटसर्पाची कथा अधिक चीड आणणारी. त्याचे जंतू धडधाकट म्हशीच्या घशातही दडून असतात. पावसात जनावर भिजले, अशक्त झाले की ते उचल खातात. गळा सुजतो, घरघर लागते आणि दिवस-दोन दिवसांत दावण रिकामी होते. यावर लस आहे, तीही जुनी आणि स्वस्त. पण अनेकांना ती आठवते शेजारचे जनावर दगावल्यावर!

ही लस पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, त्याआधी टोचायची असते. पशुपालक वाचकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच चौकशी करावी.