मूकपटाची नायिका आणि वाणीचा निवाडा

मूकपटातील नटी म्हणजे केवळ एक चेहरा, आणि बोलपट येताच तिचे पितळ उघडे पडले, असा निर्वाळा एका समीक्षकांनी नुकताच दिला आहे. त्यांच्या फिर्यादीत आणखी दोन कलमे आहेत: तिचा पगार हा रूपाचा मोबदला होता, आणि तिचे चित्रपट उथळ होते. रूपवती त्या काळी दुर्मिळ नव्हत्या. मग तो पगार तिलाच का मिळाला? आणि तिचे बहुतेक मूकपट नष्ट झालेले असताना, न पाहिलेल्या चित्रांना उथळ ठरविणे हा न्याय नव्हे, अरेरावी आहे.

मुख्य आक्षेप मात्र सोडून देण्याजोगा नाही. त्यासाठी हे गृहस्थ ज्या सुलोचनेचा दाखला देतात ती, म्हणजे पुण्यास जन्मलेली बगदादी ज्यू कुटुंबातील रूबी मायर्स, टेलिफोनवरील नोकरी सोडून कोहिनूर कंपनीत आली आणि पुढे इंपीरियलची सर्वांत गाजलेली नायिका झाली. तिला हिंदुस्तानी नीट येत नव्हती हे खरे, आणि १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला तेव्हा त्याची नायिका झुबेदा होती, हेही खरे. पण समीक्षकांची बखर नेमकी येथेच संपते. सुलोचना ती भाषा शिकली, आणि १९३२ साली आपल्याच ‘माधुरी’च्या बोलक्या आवृत्तीत नायिका म्हणून परतली, ‘इंदिरा बी. ए.’च्या मागून ‘इंदिरा एम. ए.’ आला, आणि १९२८ ची ‘अनारकली’ १९३५ साली पुन्हा पडद्यावर आली. ज्या भूमिका मौनात गाजल्या त्याच वाणीसह उभ्या करून जिने प्रेक्षक राखला, तिला वाणीने हरविले असे म्हणणे हा इतिहासाचा उघड विपर्यास होय.

नटीला कमी लेखण्याची ही खोड जुनी आहे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच कराव्यात, स्त्रीला ती कला साधणार नाही, असे बजावणारे पंडितही आपल्याकडे होऊन गेले. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीसाठी पुरुषच उभा करावा लागला, आणि दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आल्या तेव्हा कोठे ही कोंडी फुटली.

मूकाभिनय ही अपुरी नव्हे, स्वतंत्र कला आहे. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये सुलोचनेने आठ भूमिका केल्या, त्यांत माळी होता आणि पोलीस शिपाईही, आवाज पालटण्याची सोय नसताना माणसामाणसांतला भेद चालीने, मानेने आणि नजरेनेच दाखवावा लागे. केवळ चेहऱ्याच्या भांडवलावर हे होत नाही.

याच नटीला भारत सरकारने १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला.