चरा झाकू नका!

मागच्या पाडव्याला आमच्याकडे नवा फ्रीज आला. लालभडक, आरशासारखा चकचकीत. महिनाभरात त्याच्या दारावर हँडलच्या शेजारी बोटभर लांब चरा दिसला. नेमकी त्या दिवशी आत्या आली होती. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "मावशींना विचारलंस का गं?"

मी विचारलं. आता लिहितानाही लाज वाटतेय, पण विचारलं. अकरा वर्षं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी "मी नाय केलं ताई" एवढंच म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फ्रीज पुसायचं बंद केलं. मीही काही बोलले नाही.

आठवड्याभराने घाईघाईत दूध काढताना 'खर्र' असा आवाज आला. माझ्याच घड्याळाचा स्टीलचा पट्टा, बरोब्बर त्याच जागी!

मग मी काय केलं? मावशींना सांगितलं? छे! चऱ्यावर एक गणपतीचा मॅग्नेट लावून टाकला. चरा गायब, विषय संपला.

विषय संपला नव्हता. ऑगस्टमध्ये पुसताना मॅग्नेट सरकला, तर खाली तांबूस डाग. फ्रीजचं दार म्हणजे शेवटी लोखंडी पत्रा. त्याला वाचवतो तो वरचा रंगाचा थर. तो फाटला की दमट हवा थेट पत्र्याला भिडते. वर स्टिकर, मॅग्नेट, नाहीतर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर आत शिरलेला ओलावा तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणजे जे आपण लपवायला लावतो तेच गंजाला मदत करतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: चरा झाकू नका. एकतर तो नीट करा, नाहीतर खुशाल राहू द्या.

ठरवायचं कसं? चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, सोडून द्या. तिथे टूथपेस्ट घासण्याचा लाडका उपाय करायला जाऊ नका. टूथपेस्ट चरा भरत नाही, तिच्यातली बारीक पूड आजूबाजूचा रंग झिजवते. मॅट रंगावर तर चऱ्याऐवजी चकाकणारा डाग मिळतो. नख अडकलं आणि आत पत्रा दिसत असेल तर मात्र आळस नको. जागा कोरडी करा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, आधी प्रायमर आणि मग जुळत्या रंगाच्या एनॅमलचे दोन पातळ हात द्या. रंग तंतोतंत जुळणार नाही. न जुळू दे! दार स्टेनलेस स्टीलचं असेल तर एवढंही नको. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर संरक्षक थर आपोआप पुन्हा तयार होतो. फक्त लोखंडी तारेच्या घासणीने चकाकवू नका, तिचे कण तिथे राहतात आणि गंजतात.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आपल्या आयांनी स्टीलच्या प्रत्येक डब्यावर, ताटावर दुकानदाराला पैसे देऊन नाव आणि तारीख घालून घेतली. म्हणजे मुद्दाम पाडलेले चरेच की हो ते! तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही, कारण भांडं वापरायचं होतं. पितळेची भांडी तर कल्हई उडाली की कल्हईवाल्याकडे जायची. कल्हई उडाल्याची लाज नव्हती, न करण्याची होती. आताच फ्रीज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह कायम शोरूममध्ये असल्यासारखे दिसायला हवेत हे खूळ कुठून आलं? आणि तसे दिसले नाहीत की पहिला संशय घरात सगळ्यात कमी पैसे मिळवणाऱ्या माणसावर! 'विचारायला काय जातं?' असं म्हणणाऱ्यांना सांगते, जातं. अकरा वर्षांच्या विश्वासातलं बरंच काही जातं. आणि त्यावर चोपडायला बाजारात एनॅमल मिळत नाही.

असो. त्या रविवारी मी चऱ्यावर रंग दिला. थोडा गडदच झालाय, दारातून आत आल्याबरोबर दिसतो. सोमवारी मावशींना चहा दिला आणि घड्याळाचं सांगितलं. माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "मला तवाच कळलं होतं ताई. रोज आवाज यायचा की."

म्हणजे इतके महिने सगळं माहीत असून त्या गप्प राहिल्या होत्या, आणि बोलायचं कुणी होतं तर मी.

आत्या, तू हे वाचत असशीलच. पुढच्या वेळी आलीस की तुला तो डाग दाखवणार आहे. तेव्हा मावशी घरात असतील. बाकी तू समजून घे.