पाठीवर किती, पंचायतीत किती?

पावसाळा तोंडावर आला की आपत्काळासाठी पाठपिशवी भरून ठेवण्याचा उपदेश सुरू होतो. टॉर्च, औषधे, पांघरूण, कोरडे खाणे, पाणी. सारे तीन दिवस पुरेल इतके आणि तरीही वजनाला हलके! उपदेश करणाऱ्यांनी बेरीज केलेली दिसत नाही. माणशी रोज ३ लिटर धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांचे नुसते पाणीच ४५ किलो होते. कडेवर मूल आणि हाताशी म्हातारे माणूस असता ते उचलायचे कोणी?

जुन्या औंध संस्थानाचा बहुतेक मुलूख आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विभागलेला आहे. त्यातील औंध-आटपाडीकडचा भाग अवर्षणाचा. तेथे बिऱ्हाड हलविण्याची विद्या जुनीच आहे. माणदेशातील मेंढपाळ घोड्यावर मावेल तेवढाच संसार घेऊन निघतो. त्याचे घोंगडे अंथरूण असते, पांघरूण असते आणि पावसात खोळही होते. हलकेपणाचे मर्म ते हेच.

कुंडलच्या खालचा कृष्णाकाठ मात्र पुराच्या तोंडी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला तर बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. पुरातून माणसे काढणाऱ्या नावेत जड बोचके म्हणजे दुसऱ्या माणसाची जागा होय.

खरा प्रश्न वजनाच्याही आधी येतो. भरून ठेवलेली पिशवी म्हणजे वर्षभर पडून राहणारे भांडवल. शिक्षकाला वा कारकुनाला दुसरी टॉर्च परवडेल. ज्या शेतमजुराच्या घरी टॉर्च एक आणि पांघरुणेही मोजकी, त्याने रोजची वस्तू पिशवीत कोंडून कशी ठेवावी? त्याला निष्काळजी म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

म्हणून घरच्या पिशवीत तेवढेच असावे, जे दुसऱ्या कोणालाही देता येणार नाही. शिधापत्रिका, आधार, पासबुक व सातबारा यांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आठवड्याची नेमाची औषधे व त्यांची चिठ्ठी, चष्मा, थोड्या सुट्या नोटा. पंचनामा आणि मदत कागदावाचून पुढे सरकत नाहीत. कागद मोबाइलमध्ये आहेत, हे उत्तर चार्जिंग संपेपर्यंतच खरे.

बाकीचे ओझे गावाने उचलावे. औंधने १९३९ च्या राज्यघटनेत कारभाराचा पायाच ग्रामपंचायतींवर रचला होता. त्या मुलखात ही मागणी परकी वाटू नये. उंचावरील शाळेच्या एका खोलीत ताडपत्री, पांघरुणे, पाण्याची पिंपे, क्लोरीनच्या गोळ्या आणि जवळच जनावरांसाठी निवारा व वैरण हवी. गोठ्यातली म्हैस सोडून कुटुंब निघत नाही, मग पिशवी कितीही हलकी असो. खर्च पंचायतीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा, साठ्याची मोजदाद दरवर्षी ग्रामसभेपुढे यावी.

आणि त्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे राहील, हे मे महिन्यातच नावानिशी ठरले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटेच्या अंधारात झाला होता.