गोगलगाय पाळायची की आवरायची?



पावसाळ्याच्या तोंडावर निपाणीकडच्या ओळखीच्या एका तरुणाचा फोन आला. "काका, गोगलगाय पालनाला बँक कर्ज देते का? खतही होतं आणि माल हॉटेलात जातो म्हणे." मोबाईलवर त्याने फ्रान्स आणि आफ्रिकेतले व्हिडिओ पाहिले होते. उमर बँकेत गेली, त्यामुळे सवयीने दोन प्रश्न विचारले. माल घेणार कोण? आणि जनावर कुंपणाबाहेर गेलं तर नुकसान भरणार कोण?

पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याचे उत्तर मराठवाड्याने दिलेले आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. आपल्याकडे दिसणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये एका इंग्रज हौशी संग्राहकाने ती कोलकात्यात आणून बागेत सोडली. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि एका वेळी शेकड्याने घालते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे, फक्त ते आपल्याला भरावे लागते.

खताचा संबंध इथेच येतो. ही अंडी भुसभुशीत ओल्या मातीत आणि अर्धवट कुजलेल्या खतात असतात. पूर्वी प्रत्येक घरामागे उकिरडा असे आणि दिवाळीत त्यावरही पणती लागत असे. घराची लक्ष्मी तिथे तयार होते, ही त्यामागची जाण. आता गोठे रिकामे झाले. खत ट्रॉलीने विकत येते, रोपे नर्सरीतून येतात, आणि त्यांच्याबरोबर अंडी आली तर ती कोणी पाहत नाही. दुसरीकडे उसाचे पाचट आपण पेटवून देतो.

म्हणून त्या तरुणाला सांगितले, गोगलगाय सोड, खत धर. यवतमाळ जिल्ह्यातल्या नारायणराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत याच गरजेतून आली. टाकी 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. त्यात सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा आणि माती लागते, पण शेण जेमतेम 100 किलो. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. एका म्हशीवाल्यालाही हे जमते. यासाठी कर्जाचीही गरज नाही.

गोगलगायी दिसल्याच तर गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर टाकावीत आणि सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलाव्यात. उघड्या हाताने धरू नये, कारण त्यांच्यातून मेंदूच्या आजाराचे जंत माणसाला होऊ शकतात. बादलीत मिठाच्या पाण्यात मारून चुन्यासह खोल पुराव्यात. मीठ शेतात टाकू नये, जमीन बिघडते.

मात्र एकट्याने करून उपयोग नाही. शेजारच्या बांधावरून त्या रात्रीत परत येतात. गोगलगायीला ना गट नंबर कळतो, ना सीमाभागाचा वाद. पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस सगळ्या गल्लीने मिळून वेचणी केली तर फरक पडेल.

पुण्या-बेंगळुरूत नोकरीला असलेल्या मुलांना एवढेच सांगणे: दिवाळीला गावी याल तेव्हा परसात एक टाकी बांधून जा. उकिरड्यावर पणती लावायला आधी उकिरडा तर हवा.