तिळाची पारख

एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, सासूबाईंच्या गालावरील जुना तीळ अलीकडे मोठा व अधिक काळा दिसूं लागला आहे. धाकटे दीर तो कापून तपासावा म्हणतात, तर सासूबाईंचें म्हणणें, तिळाला शस्त्र लागलें कीं त्याचा कर्करोग होतो. घरांत दोन पक्ष पडले आहेत, करावें काय?

सासूबाईंची समजूत खरी नाहीं. निरुपद्रवी तीळ कापल्यानें त्याचा कर्करोग बनत नाहीं. उलट चामखिळीला लावतात तसा तिळाला चुना लावण्याचा घरगुती उपाय मात्र घातक. तपासावयाचें तेंच त्यानें जळून जातें. तथापि तोंडावर व्रण नको, ही त्यांची इच्छा आम्हांस मुळींच क्षुल्लक वाटत नाहीं. आणि दुर्लक्ष व शस्त्र यांच्यामध्यें आज नुसतें पाहण्याची एक पायरी आहे.

त्वचारोगतज्ज्ञ प्रथम डर्मोस्कोप नांवाच्या प्रकाशयुक्त भिंगानें तीळ सुमारें १० पट मोठा करून पाहतात. बहुतेक शंका येथेंच फिटतात. न फिटल्यास कांहीं मोठ्या संस्थांतून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक वापरतात. त्याच्या पेटंटासाठीं मार्विन मिन्स्की यांनीं १९५७ सालीं अर्ज केला होता. परंतु जिवंत मानवी त्वचा त्यानें कशी दिसते हें दाखविणारा महत्त्वाचा निबंध १९९५ सालीं बोस्टनहून प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या लेखकाचें नांव मिलिंद राजाध्यक्ष. हें आडनांव आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं!

या यंत्रांत लेसरचा सौम्य किरण त्वचेंतील एका बिंदूवर एकवटतात. त्याच बिंदूपासून परतलेला प्रकाश बारीक छिद्रांतून आंत घेतात, वरखालून आलेला अडवितात. असे बिंदू जोडीत गेलें म्हणजे, कांद्याचे पापुद्रे सुटावे त्याप्रमाणें, कातडी न कापतां एकेका थराचें चित्र मिळतें. त्वचेंतील काळें द्रव्य, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश जोरानें परतवितें. म्हणून डोळ्यांस जें काळें, तें येथें शुभ्र चमकतें. निरुपद्रवी तिळाच्या वरच्या थरांत पेशींची रचना मधाच्या पोळ्यासारखी नीटस असते व तिच्याखालीं सारख्या आकाराचीं तेजस्वी कडीं दिसतात. बिघडलेल्या तिळांत हीं कडीं अस्पष्ट होतात, आणि मोठ्या, वेड्यावांकड्या पेशी वरच्या थरांत चढलेल्या आढळतात. रोग्यास वेदना नाहींत. कांहीं वेळ निश्चल बसावें लागतें इतकेंच.

पण यंत्राची दृष्टि सुमारें पाव मिलिमीटर खोलीपर्यंतच पोंचते. तळपायाच्या जाड कातडींतून तर तिला फारच थोडें दिसतें. आणि आपल्या देशांत तिळासारखा दिसणारा काळा कर्करोग, मेलॅनोमा, विरळा असला तरी तो पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालींच उद्भवतो. गालावरचा तीळ साऱ्या घराला दिसतो. तळपायावरचा डाग कुरूप समजून वर्षानुवर्षें तसाच राहतो.

तेव्हां भगिनींनीं सासूबाईंस याच आठवड्यांत तज्ज्ञाकडे न्यावें. उतारवयांत तोंडावर येणारे बहुतेक काळे डाग निरुपद्रवी असतात, हें त्यांस अवश्य सांगावें. पण पाहून झाल्यावर तज्ज्ञांनीं तुकडा काढण्यास सांगितलें, तर घरांत पुन्हां वाद घालूं नये, कारण अखेरचा निर्णय आजहि त्या तुकड्यावरूनच होतो. आणि गेल्यासरशी त्यांचे तळपायहि दाखवून यावे.