गाणी कुठे साठवली आहेत, ते आधी विचारा

१ डिसेंबर २०१८ रोजी ‘गिटार हीरो लाइव्ह’ या व्हिडिओ गेममधली ४४२ गाणी एका दिवसात गेली. गेममध्ये एकूण ४८४ गाणी होती. त्यातली ४२ डिस्कवर होती, बाकीची कंपनीच्या सर्व्हरवरून घरोघरी येत होती आणि ॲक्टिव्हिजन कंपनीने तो सर्व्हर बंद केला. गेम बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ज्यांनी डिस्क घेतली, सोबतची प्लास्टिकची गिटार घेतली, त्यांच्या घरातलं सामान जागच्या जागी होतं. दहातली नऊ गाणी मात्र नव्हती. हे सगळं आता आठवायचं कारण असं, की गेल्या दोन-तीन वर्षांत या जातीच्या गेमसाठी नव्या गिटारी पुन्हा बनू लागल्या आहेत आणि ‘यातली कोणती आवृत्ती घ्यावी’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं: सगळ्यात नवी घ्या, नाहीतर सगळ्यात जास्त गाणी असलेली घ्या. संगीताच्या गेमबाबत ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. गेम कितीही नवा असो, त्यातली गाणी डिस्कवर आहेत की सर्व्हरवर, हे आधी पाहायला हवं. बाकीची तुलना त्यानंतर करता येते.

हे गेम ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिटारीच्या मानेवर पाच रंगांची पाच बटणं असतात आणि तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावर रंगीत खुणा वरून खाली सरकत येतात. खूण रेषेवर आली की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी छेडायची. वेळ साधली तर गाण्यातली गिटार वाजते, चुकली तर ती गप्प होते. बोस्टनजवळच्या हार्मोनिक्स कंपनीने २००५ मध्ये पहिल्या ‘गिटार हीरो’त हे गणित बसवलं आणि पुढची पाच वर्षं त्यात मुळातून फारसा फरक पडला नाही. क्रिकेटच्या किंवा मोटारींच्या गेमची नवी आवृत्ती आली की चित्रं सुधारतात, खेळाडू बदलतात, नवी मैदानं येतात. इथे गाण्यांची यादी बदलते. म्हणजे आवृत्ती निवडणं हे बहुतांशी यादी निवडणं आहे, आणि ती यादी गेम बनवणाऱ्याच्या मालकीची नसते. प्रत्येक गाण्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्यांकडून परवानगी घ्यावी लागते. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर रेकॉर्ड कंपनीची वेगळी. पहिल्या गेममधली बहुतेक प्रसिद्ध गाणी दुसऱ्या कलाकारांकडून नव्याने वाजवून घेतलेली होती, त्यामागे हाच खर्च होता. या परवानग्यांना सहसा मुदत असते आणि कळीचा मुद्दा त्या मुदतीपाशीच आहे. गाणं डिस्कवर असेल तर मुदत संपल्यावर कंपनीला नव्या प्रती विकता येत नाहीत, पण विकलेली प्रत चालू राहते. गाणं सर्व्हरवर असेल तर ती मुदत थेट तुमच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचते.

‘रॉक बँड ४’ हा गेम याचं ताजं उदाहरण. तोही हार्मोनिक्सचाच, ऑक्टोबर २०१५ मधला, म्हणजे ‘गिटार हीरो लाइव्ह’च्याच महिन्यातला. मूळ गाण्यांच्या परवानग्यांची दहा वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो डिजिटल दुकानांतून काढला गेला. नव्याने कुणाला तो तिथून घेता येत नाही. ज्यांच्याकडे डिस्क आहे ते मात्र आजही त्यातली गाणी वाजवू शकतात. जवळजवळ एकाच वेळी आलेले, एकाच प्रकारच्या ग्राहकाला विकलेले हे दोन गेम. एकाच्या ग्राहकाचं जवळजवळ सगळं गेलं, दुसऱ्याच्या हातातलं शाबूत राहिलं. दोन्हींच्या दर्जात मला फार अंतर दिसत नाही. एवढा फरक पडला तो गाणी ठेवण्याच्या जागेमुळे. सोनीच्या ‘सिंगस्टार’ या गायनाच्या मालिकेतही हेच घडलं. २००७ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘सिंगस्टार बॉलिवूड’ ही हिंदी चित्रपटगीतांची डिस्क निघाली होती. ती कुणाच्या कपाटात असेल तर आजही माइक लावून गाता येईल. त्याच मालिकेचं ऑनलाइन गाण्यांचं दुकान जानेवारी २०२० अखेर बंद झालं.

‘गिटार हीरो’ मालिकेत निवडीचा एवढा गोंधळ का, तर कंपनीने तो स्वतः घातला. २००६ मध्ये ॲक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’ विकत घेतला, हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली आणि तिने ‘रॉक बँड’ काढला. तिसऱ्या ‘गिटार हीरो’ने एकट्याने अब्ज डॉलरची विक्री ओलांडल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि मग धीर सुटला. २००९ या एका वर्षात मेटालिका बँडची आवृत्ती, जुन्या गाण्यांचा ‘स्मॅश हिट्स’, पाचवा भाग, ‘बँड हीरो’, वर्षाअखेरीस व्हॅन हेलन बँडची आवृत्ती, आणि मधल्यामध्ये ‘डीजे हीरो’ हा भाऊबंद. त्यातल्या बऱ्याचशा पन्नासहून कमी गाण्यांच्या, तरी किंमत पूर्ण गेमची. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ही मालिकाच गुंडाळली. लोकांना संगीताच्या गेमचा कंटाळा आला, असं तेव्हा लिहिलं गेलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याच काळात ‘जस्ट डान्स’ हा नाचाचा गेम जोरात खपत होता. कंटाळा आला तो दर काही महिन्यांनी पुन्हा पैसे मोजण्याचा. पण या हावरेपणाची एक बाजू ग्राहकाच्या पथ्यावर पडली: त्या काळातली प्रत्येक आवृत्ती डिस्कपुरती पूर्ण आहे. तेव्हा वेगळी विकत घ्यायची जी ऑनलाइन गाणी होती ती आता मिळत नाहीत. डिस्कवरची मात्र सगळी आहेत.

२०१५ चा ‘लाइव्ह’ ही त्यावरची दुरुस्ती होती, आणि कागदावर ती हुशारीची होती. दरवर्षी नवी डिस्क नको, एकच गेम घ्या, गाणी वाहिनीसारखी येत राहतील. गिटारही बदलली, तीन-तीन बटणांच्या दोन ओळी केल्या. हाताला ती खऱ्या गिटारीच्या जास्त जवळची वाटते हे कबूल करायला हवं. पण त्या वाहिनीवरचं गाणं कायमचं विकत घेण्याची सोयच नव्हती. हवं ते गाणं हवं तेव्हा वाजवायला खेळून कमावलेले किंवा पैसे देऊन घेतलेले ‘प्ले’ खर्च करावे लागत. वर ती सहा बटणांची गिटार जुन्या गेमना चालत नाही आणि जुनी गिटार हिला चालत नाही. सर्व्हर गेल्यावर गाण्यांसोबत हे हत्यारही जवळजवळ बिनकामाचं झालं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: डिस्कवर पाऊणशे-शंभर गाणी मावणार, वर्गणी भरली तर पाचशे मिळतील, पैशाच्या हिशोबात वर्गणीच परवडते. गाणी ऐकण्यासाठी हा हिशोब बरोबर आहे. ऐकताना आपण आज हे, उद्या ते, असं फिरत असतो आणि एक सेवा बंद झाली तर तेच गाणं दुसरीकडे मिळतं. गेममधलं गाणं दुसरीकडे मिळत नाही. त्याच्या खुणा कुणीतरी बसून बसवलेल्या असतात, सोप्या ते अवघड अशा पायऱ्या केलेल्या असतात आणि खेळणारा एकेक गाणं आठवडेच्या आठवडे घोटत असतो. इथे कमाई होते ती हाताला लागलेल्या सवयीची, आणि गाणं गेलं की ती वाया जाते. शिवाय ‘जास्त गाणी’ हे आकर्षण ग्राहकाला वाटतं तितकं नसावं, याचा पुरावा आपल्याच बाजारात आहे. २०१७ मध्ये, मोबाइलवर जवळपास फुकट गाणी मिळू लागल्यानंतर, सारेगामाने पाच हजार जुनी हिंदी गाणी आत भरलेला ‘कारवाँ’ हा रेडिओसारखा डबा पाच-सहा हजार रुपयांना विकायला काढला. तो भरपूर खपला आणि त्याची मराठी आवृत्तीही निघाली. इंटरनेट नसलं तरी वाजेल, उद्याही वाजेल, या खात्रीला लोकांनी किंमत मोजली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुनी डिस्क घेऊन चालवायची कशावर? यंत्रं जुनी झाली, गिटारींची बटणं अडकतात. प्लेस्टेशन ३ च्या बिनतारी गिटारीला तिचाच छोटा यूएसबी रिसीव्हर लागतो आणि जुन्या बाजारात गिटार मिळते, तो मिळत नाही. रिसीव्हरशिवाय ती गिटार म्हणजे शोभेची वस्तू. आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात काही मिलिसेकंद घालवतात, त्यामुळे खूण आणि सूर यांचा मेळ बिघडतो आणि नवखा माणूस स्वतःलाच बेताल समजतो. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. भारतात विकला गेलेला प्लेस्टेशन २ युरोपच्या पद्धतीचा आहे. न्यू जर्सीहून येणाऱ्या नातेवाइकाने मोठ्या हौसेने आणलेली अमेरिकी डिस्क त्यावर चालत नाही. (प्लेस्टेशन ३ च्या गेमना ही अडचण नाही.) हा सगळा त्रास खरा आहे. ज्याला खटपट आवडत नाही त्याने जुन्या मालाच्या वाटेला जाऊ नये, हेही खरं. पण या प्रत्येक दुखण्यावर इलाज आहे आणि तो ग्राहकाच्या किंवा एखाद्या कारागिराच्या हातात आहे. टीव्ही ‘गेम मोड’वर टाकता येतो, नंतरच्या आवृत्त्यांमध्ये उशिराचं माप जुळवता येतं, अडकलेलं बटण उघडून साफ करता येतं. बंद केलेला सर्व्हर अधिकृतपणे पुन्हा सुरू करणं फक्त कंपनीच्या हातात असतं.

तिसरा आक्षेप कंपनीच्या बाजूचा: कलाकारांना मोबदला मिळायलाच हवा, परवानग्यांना मुदत असणारच, आणि मूठभर लोकांसाठी सर्व्हर कुणी जन्मभर चालवत बसणार नाही. यातलं काहीही मला नाकारायचं नाही. पण मग त्या व्यवहाराला भाडं म्हणा आणि किंमतही भाड्याची लावा. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा नेमकं हेच सांगतो: डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम मार्च २०२४ अखेर कायमचा बंद केल्यावर युरोपात जी मोहीम उभी राहिली, तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. सर्व्हर अनंतकाळ चालवा अशी तिची मागणी नाही. गेम बंद करताना तो खेळण्याजोगा राहील अशी काही सोय करून जा, एवढीच आहे. तशी सक्ती होईपर्यंत खात्री ग्राहकाने स्वतःच करून घ्यायची आहे, आणि ती खोक्यावरून होत नाही. ‘जस्ट डान्स’च्या २०२३ च्या आवृत्तीचं खोकं दुकानात मिळायचं, आत डिस्क नव्हतीच. आत होता डाउनलोडचा कोड.

मग घ्यायची कोणती? एकट्याला मन लावून शिकायचं असेल तर प्लेस्टेशन २ वरचा ‘गिटार हीरो २’. ६४ गाणी आहेत, चढण बेताची आहे, आणि गिटार वायरची असल्यामुळे रिसीव्हर शोधत फिरावं लागत नाही. डिस्क युरोपची आहे ना, एवढं पाहावं. तिसरा भाग सगळ्यात गाजलेला, पण शेवटाकडे तो विनाकारण अवघड होतो, आणि मध्येच गिटारवादकांशी लढती घालून त्याने संगीताचा खेळ कुस्तीचा करून टाकला आहे. मला तो आवडत नाही. एकाच बँडच्या आवृत्त्या त्या त्या बँडच्या भक्तांनीच घ्याव्यात. घरात चार जण असतील तर पाचवा भाग, शक्यतो प्लेस्टेशन ३ वर: ८५ गाणी, सगळी मूळ ध्वनिमुद्रणं, पहिल्या दिवसापासून सगळी खुली, आणि गिटार, ड्रम, माइक कोणत्याही मिश्रणात चालतात, म्हणजे दोघांनी ड्रम धरले तरी हरकत नाही. आणि जुन्याच्या नादी लागायचंच नसेल, तर निन्टेन्डो स्विचवरचा ‘तायको नो तात्सुजिन: रिदम फेस्टिव्हल’ हा जपानी ढोलाचा गेम आहे. त्याच्या वर्गणीत पाचशेहून जास्त गाणी मिळतात असं सांगितलं जाईल. किंमत ठरवताना मूळ गेमसोबत येणारी ७६ तेवढी मोजावीत.